तेवारमला ऑर्केस्ट्राची साथ: पहिल्यांदाच बांधणी करणाऱ्यांसाठी

2005 साली संगीतकार इळैयराजांनी शैव संतकवी माणिक्कवासगरांच्या तिरुवासगमातली काही पदं बुडापेस्ट सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली. तमिळ भक्तिपदांना एवढा मोठा वाद्यवृंद लागलेला अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर हौशी आणि व्यावसायिक दोन्ही गोटांत ही इच्छा काही थांबलेली नाही. माटुंगा-चेंबूरकडची भजनमंडळं, परदेशातले तमिळ संघ, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेले तरुण अरेंजर, कुणीतरी येतं आणि म्हणतं, "आमच्या पदिगमाला जरा व्हायोलिन्स लावून द्या." पदिगम म्हणजे तेवारमसारख्या तमिळ शैव भक्तिसंग्रहातलं एक पद.

मी मूळचा मिरजेकडचा. हात हार्मोनियमवर बसलेला, आणि पोटापाण्यासाठी चेन्नईत स्ट्रिंग्जचे पार्ट लिहितो. हा लेख अशा मराठी वाचकासाठी आहे ज्याला स्टाफ नोटेशन बऱ्यापैकी येतं, आपले राग कळतात, पण तमिळ भक्तिगायनाची वाट नवी आहे. कामाचा क्रम असा: आधी शब्द, मग गायकाचा सा, मग राग, मग ताल, आणि कॉर्ड सगळ्यात शेवटी. नवखे लोक कीबोर्डवर कॉर्ड धरून सुरुवात करतात आणि मग ओदुवारांना, म्हणजे तेवारम गाणाऱ्या मंदिरगायकांना, त्यात बसवायला बघतात. ओदुवार बसत नाहीत, बसूही नये.

सुरुवात करण्यापूर्वी हे जवळ ठेवा:

- पदिगमाचा पूर्ण पाठ तमिळ लिपीत, सोबत देवनागरी लिप्यंतर आणि शब्दशः अर्थ
- ओदुवारांनी तंबोऱ्यावर गायलेलं पूर्ण रेकॉर्डिंग, ताल हातावर दिलेला ऐकू येईल असं
- नोटेशनचं सॉफ्टवेअर (म्यूझस्कोर फुकट आहे आणि या कामाला पुरतं)
- ज्यात टेंपो बिंदूगणिक बदलता येतो असं कोणतंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर
- तमिळ वाचणारा एक माणूस, जो फोन उचलतो

पाठासाठी पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने तयार केलेलं 'डिजिटल तेवारम' आणि प्रोजेक्ट मदुरै हे दोन आधार चांगले. पहिल्यात गायनही ऐकायला मिळतं.

1. चाल जुनी की नवी, हे पहिल्याच दिवशी ठरवा

ओदुवार परंपरेत तिरुवासगम मोहनम रागात गातात. मोहनम म्हणजे आपला भूप. इळैयराजांनी ती चाल न घेता स्वतःच्या चाली बांधल्या, म्हणून त्यांना राग बदलायला, क्वायर आणायला, मध्येच इंग्रजी ओळी घालायलाही मोकळीक होती. ती एका संगीतकाराची नवी रचना आहे. त्यांच्या चाली उचलून आपला वाद्यवृंद बांधायचा विचार मनात आला असेल तर तो इथेच सोडा, त्या चालींवर त्यांचा हक्क आहे.

तुमच्यासमोर दोन रस्ते. नवी चाल करायची तर तुम्ही संगीतकार आहात, आणि या लेखातला अर्धा भाग तुम्हाला लागू नाही. परंपरेची चाल ठेवायची तर तुम्ही साथीदार आहात. पुढचं सगळं साथीदारासाठी लिहिलंय. माझं मत विचाराल तर पहिलं काम साथीदार म्हणूनच करावं.

2. पदिगम निवडा, आणि सगळी कडवी वाचा

तमिळ शैव भक्तिसाहित्य बारा तिरुमुऱैंमध्ये, म्हणजे ग्रंथसंचांमध्ये, विभागलेलं आहे. पहिले सात म्हणजे तेवारम: पहिले तीन संबंदरांचे, पुढचे तीन अप्परांचे, सातवा सुंदररांचा. आठवा माणिक्कवासगरांचा. एक पदिगम साधारण दहा-अकरा कडव्यांचं असतं. सगळं घेतलं तर तुमचा तुकडा वीस मिनिटांचा होईल आणि ऐकणारा सातव्या मिनिटाला चुळबुळ करेल, त्यामुळे तीन-चार कडवी निवडावी लागतात.

इथे सापळा आहे. संबंदरांच्या बहुतेक पदिगमांत आठव्या कडव्यात रावण येतो, नवव्यात विष्णू-ब्रह्मदेवांनी घेतलेला शिवाचा शोध, आणि दहाव्यात जैन-बौद्धांवर कडक टीका. शेवटच्यात कवीचं नाव. चाल सगळ्यांची एकच, त्यामुळे ऐकून फरक कळत नाही. "शेवटची दोन घेऊ, क्लायमॅक्सला बरी पडतील" असं ठरवून कुणी दहावं कडवं क्वायरसकट गजरात म्हणून घेतलं, आणि समोर पहिल्या रांगेत जैन देणगीदार बसलेत, असं होऊ शकतं. अर्थ वाचल्याशिवाय एकही कडवं घेऊ नका. पहिलं, एखादं मधलं आणि कवीच्या नावाचं, ही निवड सहसा चालते.

पहिल्या कामासाठी माझी शिफारस तीन गोष्टींची. एक, तिरुवासगमातलं शिवपुराणम, 'नमच्चिवाय वाऴ्ग' ने सुरू होणारं. 95 ओळींतल्या पहिल्या पंधरा-वीस पुरे. दोन, संबंदरांचं पहिलं पदिगम, 'तोडुडैय सेवियन्'. तीन, अरुणगिरिनाथरांच्या तिरुप्पुगऴमधलं एखादं पद, कारण तिथे लय शब्दांतच कोरलेली असते आणि वादकांना लगेच पकडता येते.

3. ओदुवारांकडे जा

ओदुवार म्हणजे शिवमंदिरात तेवारम गाणारे परंपरेचे गायक. धर्मपुरम आणि तिरुवावडुदुऱै या मठांशी त्यांच्या शिक्षणाचं जुनं नातं आहे. धर्मपुरम स्वामिनाथन यांची रेकॉर्डिंग्ज सहज मिळतात, ती आधी ऐका. पण रेकॉर्डिंग ऐकून बांधणी करू नका, समोर बसून गाऊन घ्या. एकाच पदिगमाची चाल एका ओदुवारांकडे थोडी वेगळी, दुसऱ्यांकडे थोडी वेगळी, आणि शेवटी रेकॉर्डिंगला जे गाणार त्यांचीच चाल तुमच्या कागदावर हवी.

काही साध्या गोष्टी. नावाने हाक मारू नका, 'ऐया' म्हणा. दक्षिणा पाकिटात घालून टेबलावर सरकवू नका. ताटात विडा, सुपारी, फळं, त्यावर रक्कम, दोन्ही हातांनी. आपल्याकडे कीर्तनकारांना देतो तसंच. मंदिराच्या आवारात रेकॉर्डर सुरू करायचा तर देवस्थानाच्या कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि ती तोंडी 'हो' वर मिळाली असं समजू नका.

मार्गऴी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, या कामाला हात घालू नका. पहाटे ओदुवार तिरुवासगमातलं तिरुवॆम्बावै गात असतात, चेन्नईतले कर्नाटक वादक कचेऱ्यांत (म्हणजे मैफलींत) असतात, आणि स्ट्रिंग्ज वाजवणाऱ्यांपैकी बरेच नाताळच्या क्वायरमध्ये. फोन केलात तर सगळे प्रेमाने 'पोंगलनंतर' म्हणतील.

ओदुवारांकडून तीन गोष्टी गाऊन घ्या: पूर्ण पद त्यांच्या नेहमीच्या लयीत, तेच पद ताल हातावर देत, आणि प्रत्येक ओळ सुटी, शेवटचा स्वर लांबवून. तिसरी गोष्ट नवखे विसरतात. ओळ नेमकी कुठे थांबते, सा वर की ग वर की प वर, हे त्यातच कळतं, आणि तुमची सगळी हार्मनी त्यावरच उभी राहणार आहे.

4. सा ठरवा

तमिळनाडूत सूर 'कट्टै' मध्ये सांगतात. घाबरू नका, हिशेब आपल्या पेटीवाल्यांचाच आहे. एक कट्टै म्हणजे पांढरी एक, दीड कट्टै म्हणजे काळी एक, दोन म्हणजे पांढरी दोन, अडीच म्हणजे काळी दोन. बायकांचा आवाज बहुधा पाच किंवा साडेपाच, म्हणजे पांढरी पाच किंवा काळी चार.

पुरुष गायक बऱ्याचदा दीडवर, म्हणजे काळी एकवर गातात. वाद्यवृंदाला हा सूर गैरसोयीचा आहे. व्हायोलिन, व्हियोला, चेलो यांच्या मोकळ्या तारांपैकी एकही त्यात कामाला येत नाही, आणि पानभर शार्प बघून दुसऱ्या रांगेतले वादक कुरकुरतात. पांढरी दोन झाली तर सा, प आणि रे या तिन्ही स्वरांच्या मोकळ्या तारा व्हायोलिनला मिळतात आणि सगळा वाद्यवृंद घुमायला लागतो. म्हणून ओदुवारांना नम्रपणे विचारा: "ऐया, रॆंडु कट्टै चालेल का?" अर्धा स्वर वर चालला तर उत्तम. नाही म्हणाले तर त्यांचाच सा ठेवा, नाहीतर पांढरी एकवर या. गायकाचा सा ओढून वर नेऊन तारसप्तकात आवाज फाटलेलं रेकॉर्डिंग कितीही व्हायोलिन्स लावून सावरत नाही.

पांढरी दोन ठेवलीत तर दोन नोंदी करून ठेवा. क्लॅरिनेट ए चा मागवा, बी फ्लॅटचा नको. त्याला चार शार्पांऐवजी एकच फ्लॅट वाचावा लागेल. फ्रेंच हॉर्नचा पार्ट पाचव्या स्वराने वर लिहिला जातो, ते सॉफ्टवेअरवर सोडा पण छापण्यापूर्वी डोळ्यांनी तपासा.

5. 'पण' ओळखा, राग तपासा

तेवारमच्या पोथ्यांत प्रत्येक पदिगमावर 'पण' लिहिलेला असतो. हा 'पण' म्हणजे रागाचा जुना तमिळ पूर्वज म्हणा. आज ओदुवार हे 'पण' कर्नाटक रागांत गातात: नट्टपाडै असेल तर गंभीर नाट्टै, पऴम्पंजुरम असेल तर शंकराभरणम, कौशिकम असेल तर भैरवी, तक्केसि असेल तर कांभोजी. ही जुळणी सगळीकडे अगदी एकसारखी नाही, म्हणून पोथीतलं नाव लिहून घ्या पण कानाने तपासा. चेन्नईचा तमिळ इसै संगम 1943 पासून याच प्रकारच्या कामाला वाहिलेला आहे. कुठे अडलात तर तिथली जाणकार मंडळी मदत करतात.

मराठी कानासाठी ढोबळ नकाशा: मोहनम म्हणजे भूपाचे स्वर. शंकराभरणम म्हणजे बिलावल थाट. मायामाळवगौळ म्हणजे भैरव थाट. गंभीर नाट्टै म्हणजे तिलंगाच्या आरोहाचे स्वर, सा ग म प नि, आणि उतरतानाही तेच, कोमल निषाद कुठेच नाही. कर्नाटक भैरवी मात्र आपली भैरवी नव्हे. तिच्यात ऋषभ शुद्ध आहे आणि धैवत दोन्ही. नावावरून कोमल ऋषभ लिहून टाकलात तर चेलोवाला तेच वाजवेल, त्याची चूक नाही.

पहिल्या कामाला मोहनम, गंभीर नाट्टै, शंकराभरणम, यांच्या पलीकडे जाऊ नका. आहिरी, नीलांबरी, भैरवी हे राग गमकांवर जगतात. त्यांचे स्वर सपाट करून कागदावर मांडले की राग उरत नाही.

6. ताल लिहा

काही पदं तालात गातात, काही तालाविना. तालाविना गाण्याला ओदुवार शुद्धांगम म्हणतात, तालात गाण्याला पण्णांगम. तुमच्या पदाचं काय आहे ते आधीच विचारा.

आदि तालाचं आवर्तन आठ मात्रांचं, 4+2+2. चार मात्रांचे दोन बार लिहा. मिश्र चाप्पू सातचा, 3+2+2; तो सातच्या बारमध्ये लिहून स्वरांच्या वरच्या दांड्या (बीम) तीन-दोन-दोन अशाच जोडा. नुसते सात स्वर ओळीने लिहिलेत तर परदेशी वादक दोन-दोन-तीन धरतील आणि पहिल्याच तालमीत पाच मिनिटं वाया जातील. पद समेवर सुरू होतंय की समेनंतर अर्ध्या-दीड मात्रेवर, हे रेकॉर्डिंगमध्ये हाताच्या टाळीवरून बघा. बरीच पदं समेनंतर उठतात. तिथे पहिल्या शब्दाला बारच्या पहिल्या ठोक्यावर आणून बसवू नका. तो उशीर म्हणजे त्या चालीचा श्वास आहे.

7. हार्मनी: आता कुठे कॉर्ड

पाश्चात्त्य संगीत घरातून निघून बाहेर फिरून येतं. ओदुवारांचा सा घरातून हलत नाही. तंबोरा पूर्णवेळ सा-प म्हणत असतो आणि गायक त्याच्याकडे बघून गातो. तुम्ही बासमध्ये दुसरा स्वर धरून दोन-तीन बार बसलात की गायकाला आपला सा गेल्यासारखा वाटतो, आणि तो वर किंवा खाली सरकतो. म्हणून गायक गात असताना डबल बासला सा आणि प हे दोनच स्वर. बाकी सगळी हालचाल त्याच्या वर करा.

दुसरा नियम: गायक गात असताना रागाबाहेरचा एकही स्वर नाही. गायक थांबल्यावर, मधल्या तुकड्यात, थोडं बाहेर जाऊन या, तिथे मोकळीक आहे. याबाबत चेन्नईतच दोन पंथ आहेत. काहींना हे सोवळं वाटतं. मला अजून तरी सोवळ्याचा पंथच टिकाऊ वाटतो, निदान नवख्यासाठी.

आता मोहनम बघू, सा पांढरी दोन धरून. स्वर: सा रे ग प ध. यात मध्यम आणि निषाद नाही, म्हणजे चौथ्या स्वरावरचा कॉर्ड बनत नाही आणि पाचव्यावरचा पूर्ण कॉर्डही बनत नाही. कीबोर्डवर वाढलेल्या माणसाचे हात बांधल्यासारखे होतात. व्हियोलात मध्यम आला की भूप गेलाच. पण गंमत अशी की हे पाचही स्वर पंचमामागून पंचम रचले की मिळतात: सा, प, रे, ध, ग. सा चेलोला, प व्हियोलाला, रे आणि ध दुसऱ्या व्हायोलिन्सना, ग पहिल्यांना, असं एकेक करून उभं करा. पहिल्या ओळीला फक्त सा-प. दुसरीला रे येऊ द्या. पाचही स्वर एकाच वेळी पहिल्यांदा शेवटच्या कडव्यात. मोहनमची बांधणी एवढ्यावरही उभी राहते. शिवाय सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोन पूर्ण कॉर्ड आहेतच.

गंभीर नाट्टैमध्ये वेगळी भानगड. सा ग म प नि. इथे सा-ग-प आणि ग-प-नि हे दोन पूर्ण कॉर्ड मिळतात, आणि प-नि-म मिळून पाश्चात्त्य डॉमिनंट सेव्हन्थचा सांगाडा तयार होतो. तो सांगाडा गोड बोलून घात करतो. ओळीच्या शेवटी तो वाजवून सा वर उतरलात की पद लष्करी बँडच्या सलामीसारखं संपतं. निषाद बासच्या जवळ आणू नका, पहिल्या व्हायोलिन्समध्ये उंचावर ठेवा, आणि सा वर उतरताना खाली सा-प आधीपासून धरलेले असू द्या.

'तोडुडैय सेवियन्' चं पहिलं कडवं जवळून बघा. चार ओळी अशा सुरू होतात: तोडुडैय, काडुडैय, एडुडैय, पीडुडैय. प्रत्येकीचं दुसरं अक्षर 'डु'. तमिळ छंदात हा यमक ओळीच्या शेवटी नसून सुरुवातीला असतो, आणि ऐकणाऱ्याचा कान तिथेच लागलेला असतो. म्हणून हार्मनी बदलायची जागा ओळीची सुरुवात. पहिल्या ओळीला फक्त बास आणि चेलो, सा-प. 'काडुडैय' ला, जिथे स्मशानातल्या राखेचा उल्लेख आहे, व्हियोला ग वर येतात, अगदी हलक्या हाताने. 'एडुडैय' ला ग-प-नि. 'पीडुडैय' ला परत सा-प, पण आता सगळे, आणि टिंपनी सा आणि प वर मिळवलेली. चार ओळींत चार वेळाच हललोय. यापेक्षा जास्त हललात तर शब्द बुडतात.

मायामाळवगौळबद्दल एकच: कोमल रे आणि शुद्ध नि यांच्यामध्ये सा अडकलेला, पंचमावर पूर्ण कॉर्ड नाही, कोमल रे वर मात्र ठसठशीत मेजर कॉर्ड आहे. तो मोह आवरा. लगेच चित्रपटातलं अरबी वाळवंट दिसायला लागतं.

आणि हो, हे सगळं फार नवं आहे असं समजू नका. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून चाळीसच्या आसपास नोट्टुस्वरं केली. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात, 1798 ते 1832 या काळात, पाश्चात्त्य वाद्यं होती, आणि त्याच दरबाराच्या आश्रयाने वेदनायगम शास्त्रियार तमिळ ख्रिस्ती पदं रचत होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर राजराज चोळाने पदिगम गाण्यासाठी 48 गायक आणि दोन वादक नेमल्याचा लेख आहे, आणि त्याच मंदिरात भोसल्यांच्या वंशावळीचा 1803 चा मराठी शिलालेखही आहे. तंजावरला गेलात तर दोन्ही बघून या.

8. वाद्यांची वाटणी

गायकाच्या आवाजाची पट्टी मोकळी ठेवा. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंतची जागा त्याची. वाद्यं त्याच्या खाली (बास, चेलो) किंवा वर (व्हायोलिन्स, बासरी). मधल्या भागात व्हियोला आणि हॉर्न, पण लांब, स्थिर स्वरांत.

पहिल्या व्हायोलिन्सना गायकाची चाल जशीच्या तशी देऊ नका. गायक गंधार हलवत असतो, ते बारा जण सरळ वाजवतात, आणि दोन्ही बेसूर वाटतात. गमक नोटेशनमध्ये उतरवायचा प्रयत्नही करू नका. कंपिताच्या (हलवलेल्या स्वराच्या) जागी ट्रिलचं चिन्ह घातलं की वादक दोन स्वरांमध्ये ठराविक वेगाने टकटक करतो. कंपित म्हणजे ते नव्हेच. गमक हवीच असतील तर एक कर्नाटक व्हायोलिनवादक वेगळा बसवा. त्याच्या तारा सा-प-सा-प मिळवलेल्या असतात, तो मांडी घालून बसतो, त्याला खुर्ची देऊ नका आणि नोटेशनही देऊ नका. पद ऐकवा. मृदंगाचं उजवं पान गायकाच्या सा वर मिळवलेलं असतं, म्हणजे टिंपनीशी त्याचं आपोआप जमतं. नादस्वरम (दक्षिणेची सनई) आणि तविल (त्याच्या साथीचा ढोल) मात्र त्याच खोलीत नको. त्यांचा आवाज चेलोच्या माइकमध्ये शिरला की नंतर काढता येत नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत घ्या.

सुरुवातीला अख्खा वाद्यवृंद नको. स्ट्रिंग क्विंटेट, एक ओबो, एक हॉर्न. एवढ्यात जमलं तर मोठ्यात जमेल.

क्वायर असेल तर उच्चारांवर एक पूर्ण तालीम. 'ऴ' साठी जीभ मागे वळवा पण टाळूला लावू नका. आपला 'ळ' लावला की तमिळ माणूस दचकतो. 'नमच्चिवाय' म्हणजे 'नमः शिवाय' नव्हे, जोडाक्षर जोर देऊन, विसर्ग नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे ठेवा, छंद त्यावर चालतो.

9. पार्ट, क्लिक, रेकॉर्डिंग

ओदुवारांची लय पूर्ण पदात एकसारखी नसते. ठराविक टेंपोचा क्लिक (हेडफोनमधला ठोका) लावून त्यांना गायला बसवू नका. त्यांचं गायन आधी, आणि क्लिक त्यांच्या गायनावरून बनवा, टाळीगणिक बिंदू टाकून. वेळखाऊ काम आहे, एका पदाला अख्खी दुपार जाते. शुद्धांगम भागाला क्लिकच नको: लांब धरलेला स्वर लिहा, वर शब्द लिहा, आणि कंडक्टरला सांगा की या शब्दावर हात द्यायचा.

बुडापेस्ट किंवा स्कोप्येमधल्या ऑर्केस्ट्राकडून दुरून रेकॉर्डिंग करून घेणं आता भारतीय चित्रपटसंगीतात नेहमीचं झालंय, आणि तासावर पैसे मोजले जातात. तिथला एक जुना सापळा: युरोपात ए बहुधा 442 किंवा 443 ला मिळवतात, आणि आपलं तंबोऱ्याचं ॲप 440 वर. 442 चा फरक आठ सेंटच्या आसपास भरतो. ऐकताना 'काहीतरी आंबट आहे' एवढंच जाणवतं आणि मिक्सिंगला लोक आवाजाला दोष देतात. बुकिंगच्या पत्रातच 440 लिहा, आणि क्लिकसोबत तंबोऱ्याचा ट्रॅकही पाठवा, तो वादकांच्या हेडफोनमध्ये हवा.

पाठवायची यादी: पूर्ण स्कोअर आणि वेगवेगळे पार्ट पीडीएफमध्ये, बार क्रमांकांसह, क्लिक, तंबोरा आणि गायन अशा तीन वेगळ्या वेव्ह फाइल्स, 48 किलोहर्ट्झ 24 बिट, सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, आणि कंडक्टरसाठी अर्धं पान, पद कशाबद्दल आहे ते. हे अर्धं पान टाळू नका. स्मशानातली राख अंगाला फासलेल्या, काळीज चोरणाऱ्या देवाबद्दल गाणं आहे हे कळलं की व्हियोला वेगळं वाजवतात.

10. परवानग्या आणि श्रेय

तेवारम आणि तिरुवासगमाचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. चालींचं तसं नाही. ओदुवार परंपरेची चाल सर्वांची. पण विसाव्या शतकात कुणी बांधलेली चाल कायद्याने संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षित असते. उदाहरणार्थ आंडाळच्या तिरुप्पावैच्या तीस पदांना आज कचेऱ्यांमध्ये ज्या चाली ऐकू येतात, त्या अरियक्कुडी रामानुज अय्यंगारांनी बांधलेल्या आहेत, आणि ते 1967 मध्ये वारले. म्हणजे 2027 अखेरपर्यंत थांबा किंवा वारसांशी बोला. 'भजन आहे, कोण विचारतंय' या भरवशावर व्हिडिओ टाकला की तिसऱ्या दिवशी दावा येतो.

ओदुवारांशी लेखी करार करा, तमिळमध्ये, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: एकरकमी मानधन किती, पुढच्या उत्पन्नात वाटा आहे की नाही, आणि नाव कुठे छापलं जाईल. 'पारंपरिक' एवढंच लिहून गायकाचं नाव तळाशी बारीक अक्षरांत टाकायची वाईट खोड आपल्या धंद्याला आहे. पाठ कुणाचा, 'पण' कोणता, चाल कोणत्या ओदुवारांकडून घेतली आणि बांधणी तुमची, या क्रमाने चारही गोष्टी लिहा. अंतिम मिक्स प्रसिद्ध करण्याआधी ओदुवारांना ऐकवा, साध्या फोनच्या स्पीकरवर. शब्द कळत नाहीत असं ते म्हणाले, तर व्हायोलिन्स दोन डेसिबलने खाली घ्या आणि पुन्हा ऐकवा.